दंडावरचे नाणे

लहानपणी मी परगावी निघालो की अम्मी कापडाच्या चिंधीत एक नाणे गुंडाळून माझ्या दंडावर बांधायची. त्याला ‘इमाम जामीन’ म्हणतात. प्रवास सुखरूप झाला की ते नाणे एखाद्या गरिबाच्या हातावर ठेवायचे. कोर्टकचेरीत आपण बोलतो तोच हा जामीन, म्हणजे हमी घेणारा.

आता कविसंमेलनांच्या निमित्ताने महिन्यातून तीन-चार वेळा तरी मी रेल्वेत बसतो. लेक मोबाइलवर तिकीट काढते आणि विचारते, “अब्बा, विमा घ्यायचा ना?” पंचेचाळीस पैसे. त्यात हल्ली काय येते? मी मान हलवतो. एकदा मात्र मनात आले, हे नाणे आले कुठून?

‘विमा’ आला फारसीतून. त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय. औरंगजेबाच्या काळात, 1695च्या सुमारास, बटाल्याच्या सुजान राय यांनी ‘खुलासत-उत-तवारीख’ लिहिली. व्यापाऱ्याचा माल ठरलेल्या गावी पोचवण्याची हमी सराफ कसे घेत, ते त्यात आहे. पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल बंदराला लागला तर हुंडीचे पैसे द्यायचे, जहाज बुडाले तर नाही. पण ही सगळी हमी गाठोड्याची. गाठोडे वाहणारा अल्लाच्या भरवशावर!

माणसाच्या प्रवासाचा विमा तिकीट खिडकीवर आला तो इंग्लंडात, 1849 मध्ये. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून चार वर्षे होती. रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनीची ही चिठ्ठी पहिल्या वर्गाच्या उतारूला तीन पेन्सना मिळे आणि तो दगावला तर घरच्यांना 1000 पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सना 500, तिसऱ्याला एका पेनीला 200. अपघात एकच, रूळ तेच. डबा बदलला की जिवाचा आकडा बदले.

नेहमी फिरणाऱ्यांसाठी याच कंपनीने वर्षाची चिठ्ठी काढली. 20 शिलिंगांत वर्षभर 1000 पौंडांची हमी, कुठल्याही वर्गात बसा. 20 शिलिंग म्हणजे 240 पेन्स. हिशेब करा, तीन पेन्सच्या दराने 80 फेऱ्या. त्याहून जास्त फिरणाऱ्याने वर्षाची घ्यावी, कमी फिरणाऱ्याने फेरीची. वारंवार प्रवास करणाऱ्याने विमा निवडताना आजही हाच हिशेब घालायचा असतो.

आपल्याकडे ऑनलाइन तिकिटावरचा हा विमा सप्टेंबर 2016 मध्ये आला, तेव्हा 92 पैसे होते. मृत्यू झाल्यास 10 लाख, आणि इथे एसीवाला आणि स्लीपरवाला सारखेच. एवढी सुधारणा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली! पण खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला तो नाही. जनरलच्या दारात लटकणाऱ्याला नाही. मुंबईच्या लोकललाही नाही. म्हणजे सर्वांत जास्त प्रवास करणारा पासवालाच वगळलेला. रेल्वे कायद्यानुसार वैध तिकीट किंवा पास असलेल्याच्या घरच्यांना अपघाती मृत्यूबद्दल 8 लाखांपर्यंत भरपाई मागता येते. पण त्यासाठी दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. त्याचा हिशेब वर्षाच्या अपघात विम्यानेच जमतो. रेल्वे असो, एसटी असो, स्कूटर असो, तो सोबत राहतो. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून 2 लाखांचे संरक्षण देणारी सरकारी सुरक्षा विमा योजनाही आहे, वयाची 18 ते 70 वर्षे असेपर्यंत. 20 शिलिंग आणि 20 रुपये, योगायोगच म्हणायचा.

आता माझी चूक सांगतो. तिकीट निघाले की विमा कंपनीचा संदेश येतो, वारसाचे नाव भरा म्हणून. माझ्या मोबाइलवर असे कित्येक संदेश न उघडता पडून होते. वर्षानुवर्षे मी विमा घेत होतो आणि तो कुणासाठी, हे एकदाही लिहिले नव्हते. नाव नसेल तर पैसे बुडत नाहीत. पण कायदेशीर वारस असल्याचे कागद गोळा करीत घरच्यांनाच फिरावे लागते, तेही अशा दिवसांत.

गेल्या महिन्यात नांदेडला निघताना लेकीला बाजूला बसवले आणि संदेश उघडून बायकोचे नाव घातले. बायको आतून आली, तिच्या हातात चिंधी होती. मी मुकाट्याने दंड पुढे केला.