कॉर्सेट ते कोअर : तरुण स्त्रियांच्या व्यायामोपचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पोट, पाठ, कंबर व ओटीपोट यांना आधार देणाऱ्या स्नायूसमूहास भौतिकोपचारशास्त्रात ‘कोअर’ म्हणतात. तरुणींचा हा स्नायूसमूह बळकट करण्यासाठी आज शिकविल्या जाणाऱ्या व्यायामांमागे केवळ वैद्यकीय संशोधन नाही. स्त्रीदेह निसर्गतःच दुर्बळ असतो, या समजुतीशी झालेला दीर्घ संघर्षही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

बाह्य आधाराला पर्याय

एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रतिष्ठित स्त्रिया कंबर आवळणारे, ताठ कांबींचे कॉर्सेट वापरीत. त्यामुळे श्वसन व धडाची हालचाल मर्यादित होई. याच काळात स्वीडनमध्ये पर्यायी विचार रुजत होता. पेहर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची राजकीय संस्था स्थापन केली. तेथे शिकलेल्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांची १८८१ मध्ये लंडन स्कूल बोर्डाने नियुक्ती केली. १८८५ मध्ये त्यांनी हॅम्पस्टेड येथे व्यायामशिक्षिकांसाठी महाविद्यालय काढले. कॉर्सेटला त्यांचा ठाम विरोध होता.

१८९४ मध्ये चार इंग्रज परिचारिकांनी मर्दनोपचार करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना स्थापन केली. तिलाच १९२० मध्ये राजसनद मिळाली व पुढे तिच्यातून ब्रिटनमधील भौतिकोपचाराची अधिकृत संस्था विकसित झाली. ज्यांच्या देहाला दुर्बळ ठरविले गेले, त्यांनीच या शास्त्राचा व्यवसाय उभारला, ही बाब लक्षणीय आहे. भारतात १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले.

शक्तीपासून नियंत्रणाकडे

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी पोटातील सर्वांत आतल्या, पट्ट्यासारख्या आडव्या स्नायूचा अभ्यास केला. निरोगी व्यक्तीने हात हलविण्यापूर्वीच हा स्नायू आकुंचन पावतो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा आकुंचन पावतो, असे आढळले. परिणामी पोटाच्या उठबशांऐवजी कण्याची स्थिती राखणाऱ्या व्यायामांकडे लक्ष वळले. एका कुशीवर कोपर टेकून शरीर उचलणे किंवा गुडघे व हात टेकून विरुद्ध बाजूचे हात-पाय लांबविणे, ही त्यांची उदाहरणे होत. कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल यांनी अशा व्यायामांचा विशेष पुरस्कार केला.

तथापि, २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार जुनाट कंबरदुखीत स्नायुनियंत्रणाचे व्यायाम इतर व्यायामांहून लक्षणीय सरस ठरले नाहीत. एखादी विशिष्ट पद्धत श्रेष्ठ मानण्यापेक्षा नियमितता महत्त्वाची, असा बोध यातून घेता येतो.

समारोप

कॉर्सेट गेले, परंतु ‘सपाट पोट’ हे सौंदर्याचे नवे बंधन तरुणींवर लादले जात आहे. कोअरचा व्यायाम बाह्य आधार झुगारून देहाला स्वतःच्या बळावर उभा करण्यासाठी आला. त्याचे प्रयोजन आकृतीपेक्षा कार्यक्षमतेत शोधावे, हेच त्याच्या इतिहासाचे सांगणे आहे.