बँडसाठी क्राउडफंडिंग: तुमचे पैसे मधल्या काळात कुठे असतात?

आवडत्या बँडचा नवा अल्बम यावा म्हणून चाहत्यांनीच आधी पैसे द्यायचे, याला क्राउडफंडिंग म्हणतात. आपल्या भाषेत लोकवर्गणी, फक्त ऑनलाइन. वर्गणी आणि यात एक फरक आहे: इथे पैशांच्या बदल्यात काहीतरी मिळतं. उदा. अल्बमची डिजिटल कॉपी, सही केलेली सीडी किंवा टी-शर्ट. याला रिवॉर्ड म्हणतात.

सुरुवात कुठून झाली?

१९९७ मध्ये मारिलियन या ब्रिटिश रॉक बँडकडे अमेरिका दौऱ्यासाठी पैसे नव्हते. तिथल्या चाहत्यांनी इंटरनेटवरून एकत्र येऊन सुमारे ६०,००० डॉलर जमवले आणि दौरा झाला. मग बँडने हीच आयडिया पुढे नेली. २००१ चा त्यांचा 'अनोरॅकनोफोबिया' हा अल्बम रेकॉर्ड होण्याआधीच १२,००० हून जास्त चाहत्यांनी विकत घेतला होता.

२००९ मध्ये किकस्टार्टर आलं आणि हे काम कोणत्याही छोट्या बँडला जमेल इतकं सोपं झालं. २०१२ मध्ये गायिका अमांडा पामरने तिथे १ लाख डॉलर मागितले, जमले जवळपास १२ लाख!

पैसे कसे फिरतात?

- ऑल ऑर नथिंग: किकस्टार्टरची पद्धत. ठरलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त ६० दिवस) टार्गेट पूर्ण झालं तरच तुमच्या कार्डावरून पैसे कापले जातात. नाही झालं, तर एक रुपयाही जात नाही.
- जमेल तेवढं: टार्गेट अर्धंच झालं तरी बँडला पैसे मिळतात. पण अर्ध्या पैशात अल्बम पूर्ण होईल का, हा प्रश्न उरतोच.
- दर महिन्याला: २०१३ मध्ये सुरू झालेल्या पेट्रिऑनवर एका प्रोजेक्टऐवजी कलाकाराला नियमित पाठिंबा देता येतो.
- थेट यूपीआय: क्यूआर स्कॅन केला की पैसे लगेच बँडच्या खात्यात. फी वाचते, पण मध्ये टार्गेट किंवा मुदत बघणारं कोणीच नसतं.

प्लॅटफॉर्मच बुडाला तर?

हे खरंच घडलंय. प्लेजम्युझिक ही खास संगीतासाठीची ब्रिटिश साइट २००९ पासून चालू होती आणि १५ टक्के कमिशन घ्यायची. चाहत्यांनी भरलेले पैसे मात्र कंपनीच्या इतर पैशांपासून वेगळे ठेवलेले नव्हते. कलाकारांचे पेमेंट अडकू लागले आणि २०१९ मध्ये कंपनी बंद पडली. चाहत्यांनी पैसे भरले होते, बँडने काम केलं होतं, तरी अनेकांच्या हाती काहीच आलं नाही. दोष ना बँडचा, ना चाहत्यांचा. पैसे मध्येच अडकले.

तुमचा बँड असेल तर हे गणित करा

समजा ५०० रुपयांवर टी-शर्ट देताय. टी-शर्टचे २५०, कुरियरचे ८० आणि फीचे ४० गेले, तर रेकॉर्डिंगला उरतात फक्त १३०. म्हणजे १ लाखाच्या रेकॉर्डिंगसाठी २०० नाही, ७७० चाहते लागतील! म्हणून सुरुवातीला डिजिटल रिवॉर्ड ठेवलेले बरे. आणखी एक, किकस्टार्टरवर भारतातून प्रोजेक्ट सुरू करता येत नाही. इथून फक्त पाठिंबा देता येतो.

पैसे देण्याआधी तपासा

१. टार्गेट पूर्ण झालं नाही तर पैसे परत मिळतात का?
२. बँडला पैसे मिळेपर्यंत ते कोणाकडे आणि कोणत्या खात्यात राहतात?
३. बँडने खर्चाचा हिशोब आणि तारीख दिली आहे का?
४. याआधीचं काम ऐकायला मिळतं का?

लक्षात ठेवा, किकस्टार्टरसुद्धा रिवॉर्डची हमी देत नाही. ती जबाबदारी प्रोजेक्ट करणाऱ्याची असते. म्हणून ही खरेदी नाही, पाठिंबा आहे असं समजा आणि बुडाले तरी चालतील एवढेच पैसे द्या.