कर्करोगाची श्रेणी आणि अवस्था : एका मोजमापाचा इतिहास



कोणाला कर्करोग झाल्याचे कानावर आले की आपला पहिला प्रश्न असतो, "कितवी स्टेज?" रोगाला असे आकडे देण्याची पद्धत कशी सुरू झाली, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम श्रेणी, म्हणजे ग्रेड. 1920 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कर्करोगाच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या चार श्रेणी पाडल्या. पेशी बऱ्याच अंशी निरोगी पेशींसारख्या दिसत असतील तर पहिली श्रेणी. त्यांचे मूळ रूप ओळखूही येत नसेल तर चौथी. श्रेणी ही रोगाचा स्वभाव सांगते. आज अनेक कर्करोगांत तीनच श्रेणी मानतात.

अवस्था, म्हणजे स्टेज, ही गोष्ट निराळी. रोग शरीरात किती पसरला, हे ती सांगते. तिची गरज एका अडचणीतून निर्माण झाली. एका रुग्णालयात रोगी लवकर येत, दुसऱ्यात उशिरा. मग कोणाचा उपचार अधिक गुणकारी, हे ठरवावे कसे? म्हणून राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने 1929 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अवस्था ठरविण्यात आल्या. पुढे 1943 ते 1952 या काळात फ्रान्सचे डॉ. पिएर देन्वा यांनी गाठीच्या स्वरूपातील बहुतेक कर्करोगांना लावता येईल अशी टी-एन-एम पद्धत रचली. 'टी' म्हणजे मूळ गाठीचा विस्तार, 'एन' म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींतील प्रसार आणि 'एम' म्हणजे दूरच्या अवयवांतील प्रसार. या तिन्हींवरून पहिली ते चौथी अवस्था ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाने 1968 साली या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या संघाचे अध्यक्षपद भूषविणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्या मुंबईचे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ होत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांनी वाहिली.

आता महत्त्वाचा मुद्दा. श्रेणी आपल्या हाती नसते. अवस्था मात्र पुष्कळदा आपण किती लवकर डॉक्टरांकडे जातो यावर अवलंबून असते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. नोंदणीबरोबरच गावोगावी लक्षणांची माहिती दिली गेली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या. केवळ माहितीने एवढे साधले!

आपल्या भिवंडीत कारखान्यात, नाक्यावर, घरातही तंबाखू खाणारे कमी नाहीत. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका. माता-भगिनींनीही छातीतील गाठ वा अवेळी रक्तस्राव संकोचापायी लपवू नये.

आणि चौथी अवस्था ऐकताच आशा सोडू नये. तोंडाच्या कर्करोगात त्या अवस्थेतील काही रुग्णांवरही शस्त्रक्रिया करून त्यांना बरे करता येते. म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : श्रेणी कोणती आणि अवस्था कोणती? विद्यार्थ्यांनो, घरातील वडीलधाऱ्यांना हा फरक तुम्हीच समजावून सांगा.