फिरणारे झाकण

वर्गात एखादे मूल बाटलीचे झाकण बाकावर भिंगरीसारखे फिरवत बसले, की आपला हात आपोआप पुढे होतो आणि झाकण टेबलाच्या खणात जाते. आपल्या या सवयीमागेही एक इतिहास आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिला डोनाल्ड. १९३८ मध्ये कॅनर यांनी त्याला प्रथम पाहिले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ठोकळे, तवे, जे गोल सापडेल ते तो आनंदाने फिरवी. कोणी अडवले तर आकांत करी.

वस्तू फिरवणे, हात फडफडवणे, डोलणे या हालचालींना पुढे ‘स्व-उद्दीपन’ म्हटले जाऊ लागले. ‘स्टिमिंग’ हा शब्द त्यातूनच आला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच वर्षांच्या जुळ्या भावांच्या अशा हालचाली विजेचे झटके देऊन थांबवल्या. १९७१ मध्ये त्यांना असेही आढळले, की या हालचालींत गुंतलेली मुले आवाजाला उशिरा प्रतिसाद देतात. मग आधी हालचाल थांबवा, नंतर शिकवा, असा विचार रुजला. पण मूल हे का करते, हा प्रश्न मागेच राहिला.

उत्तर अनुभव घेणाऱ्यांकडूनच आले. गुरांना धरून ठेवणारा पिंजरा पाहून स्वमग्न टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी अंग दाबणारे यंत्र बनवले. त्या दाबाने मन शांत होते, हे त्यांनी १९९२ च्या शोधनिबंधात मांडले. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आवाज, स्पर्श, प्रकाश कमी-जास्त जाणवणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांत आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ स्वमग्न प्रौढांशी बोलणे झाले. गोंगाट किंवा भावना अनावर झाल्या, की स्टिमिंगने सावरता येते, असे अनेकांनी सांगितले. ते मोडून काढणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता.

डोके आपटणे, हात चावणे अशी इजा मात्र थांबवावीच लागते. पण झाकणाने कोणाला इजा होते? बाकावर आवाज होत असेल तर खाली कापडाचा तुकडा घालावा, किंवा मुठीत मावणारा मऊ चेंडू देऊन पाहावा. झाकण हाती असताना मूल ऐकते का, हे आठवडाभर टिपून ठेवावे. मग ते काढून घ्यायचे की नाही, हे आपण ठरवू.