मुस्लिम स्त्रियांचं आयुष्य सांगणारी पुस्तकं : इतिहास कोणता, कथा कोणती?

आपल्या मुलींना इतिहासातल्या मुस्लिम स्त्रियांची नावं विचारली तर रझिया सुलतान, चांदबिबी आणि मुमताज महल या तिघींवर यादी थांबते. चूक मुलींची नाही. पुस्तकं आहेत, पण काही फारसीत, काही उर्दूत आणि थोडी मराठीत. आमच्या तलवाड्यासारख्या गावात घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. उर्दू येणारी पिढी आणि मराठी वाचणारी पिढी एकाच घरात राहते, पण पुस्तकांची देवाणघेवाण होत नाही. म्हणून घराघरात उपयोगी पडावी अशी ही थोडक्यात ओळख.

इतिहास : स्वतः लिहिलेला आणि इतरांनी लिहिलेला

सुरुवात करावी ती गुलबदन बेगमपासून. ती बाबरची मुलगी, हुमायूनची बहीण, अकबराची आत्या. अकबराच्या सांगण्यावरून तिने फारसीत ‘हुमायूननामा’ लिहिला. दरबारी इतिहासात लढाया असतात. गुलबदनच्या पुस्तकात लढाईच्या वेळी जनान्याचं काय झालं ते आहे. १५३९ च्या चौसाच्या पराभवात हुमायूनची लहान मुलगी अकीका बेगम हरवली, ते दुःख तिने नोंदवलं. तिने स्वतः घरातल्या स्त्रियांना सोबत घेऊन हज केला आणि काही वर्षं अरबस्तानात राहिली. तिच्या पुस्तकाची जी प्रत उरली आहे ती मध्येच तुटते. पुढे काय लिहिलं होतं, ते गेलं ते गेलंच.

आपल्या भागाची स्त्री म्हणजे चांदबिबी. बीड तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होतं. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली होती. १५९५ साली शहजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा किल्ला तिने राखला. १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं. पुढे मोगलांशी बोलणी करते म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं आणि १६०० साली किल्ला पडला. तिने स्वतः लिहिलेलं पुस्तक आपल्याकडे नाही. तिच्याबद्दल वाचतो ते फरिश्तासारख्या इतिहासकारांचं. दारूगोळा संपल्यावर तोफेत सोन्या-चांदीची नाणी भरली, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा. तह आणि वेढा हा इतिहास.

फातिमा शेख यांच्याबाबतही हेच. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमाचं नाव येतं. कागद फार थोडे आहेत. म्हणून जे आहेत ते जपून सांगावेत, वर कल्पनेची भर घालू नये. नाहीतर कुणी शंका घेतली की खरं नावसुद्धा पुसलं जातं.

कादंबरी : मुलींसाठी आणि मुलींकडून

डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ लिहिली, ती आपल्या मुलींना वाचायला मिळावी म्हणून. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी, एक फूहड, एक सुघड. उर्दू घरांत ही नावं आजही म्हणीसारखी वापरतात. ती वाचून पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी ‘इस्लाहुन्निसा’ लिहिली, १८८१ मध्ये. छापली गेली १८९४ मध्ये, आणि लेखिकेचं नाव आलं नाही. ‘बॅरिस्टर सुलेमान यांची वालिदा’ अशी ओळख छापली! उर्दूत स्त्रीने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात.

बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. त्यात बायका राज्य चालवतात आणि पुरुष मर्दान्यात बसतात. वाचताना हसू येतं, मग विचार येतो. या बाईंनी नुसती कथा लिहिली नाही, मुलींची शाळाही चालवली.

महाराष्ट्राच्या लेखिका

मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. त्यांचा रोजनामा लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात छापून येई. पुढे १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने पुस्तक झालं. त्यांची बहीण नाजली या जंजिऱ्याच्या बेगम. त्यांनी १९०८ च्या युरोप प्रवासाचं उर्दू वर्णन लिहिलं.

अमरावतीत जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम यांनी हैदराबादी नवाबांच्या वाड्यांतल्या बायकांचं आयुष्य कथांत आणलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ती भाषा आणि ते रिवाज आपल्याला परके वाटत नाहीत. ‘उतरन’सारख्या त्यांच्या कथा मोठ्यांनी वाचाव्यात, लहानांच्या हातात देऊ नयेत.

मराठीत मेहरुन्निसा दलवाई यांचं ‘मी भरून पावले आहे’ आणि मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ही आत्मकथनं आहेत. हमीद दलवाईंचे विचार पटोत न पटोत, त्यांच्या पत्नीचं आयुष्य तिच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

वाचताना तीन प्रश्न

मुलींनी कोणतंही पुस्तक उघडलं की विचारावं : हे कुणी लिहिलं, तिने स्वतः की दुसऱ्याने? घडलं तेव्हा लिहिलं की नंतर? आणि यात कुणाचं नाव आलेलं नाही?

तिसरा प्रश्न घरातही लागू आहे. आपल्या घरच्या शजऱ्यात आजोबा, पणजोबा सापडतात. पणजीचं नाव, तिचं माहेर, ती काय शिकली, कोणता हुन्नर तिच्या हातात होता, हे विचारा आणि एका साध्या वहीत लिहून ठेवा, मराठीत किंवा उर्दूत. सांगणारी दादी-नानी आज घरात आहे, तोवरच हे होईल.