दारूचा महसूल आणि गावची शाळा : वर्धा, १९३७

१/ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या एका शाळेत निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री जमले होते. त्यांच्यापुढील पेच विचित्र होता. दारूची दुकाने बंद केली, तर शाळांना पैसा उरत नव्हता. शाळा वाढवायच्या, तर दारू विकत राहणे भाग होते. या पेचातून जी योजना जन्मली, ती पुढे ‘वर्धा शिक्षण योजना’ म्हणून देशभर गाजली. तिची ही कथा.

२/ सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची मागणी तेव्हा नवी नव्हती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात तसे विधेयक मांडले होते. पुढच्याच वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विधिमंडळात सरकारी सभासदांचे पारडे जड होते आणि खर्चाचा आक्षेप पुढे करणे सोपे होते.

३/ वर्धा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. या प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सक्ती लागू करण्याचा मार्ग स्थानिक संस्थांना खुला झाला. पण कायद्याने अधिकार मिळाला तरी तिजोरी भरत नाही. १९३१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरता दहा टक्क्यांच्या खालीच होती.

४/ जी मुले शाळेत येत, तीही टिकत नसत. १९२९ च्या हारटोग समितीच्या अहवालानुसार १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. शेतीच्या हंगामात घराला मुलाचे हात लागत आणि पाटीवरची अक्षरे वर्षभरात पुसली जात.

५/ शाळा आणि दारू यांची गाठ १९१९ च्या सुधारणांत पडली. द्विदल राज्यपद्धतीत अर्थखाते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती मात्र ‘सोपीव’ म्हणून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. एका हाताने अबकारी कर घ्यावा आणि दुसऱ्या हाताने त्यातून शाळा चालवावी, अशी ही व्यवस्था होती.

६/ १९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धत संपली आणि प्रांतांची सर्व खाती, अर्थखात्यासह, मंत्र्यांकडे आली. १९३७ च्या निवडणुकांत काँग्रेसला अनेक प्रांतांत बहुमत मिळाले. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या ११२ जागांच्या विधानसभेतही तिचाच पक्ष मोठा होता. सत्ता स्वीकारण्यास काँग्रेस कार्यकारिणीने संमती दिली ती जुलै १९३७ मध्ये, वर्ध्याच्या बैठकीत.

७/ आता जुनी वचने समोर उभी राहिली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण होते आणि दारूबंदीही होती. ठरावाच्या कागदावर ही दोन कलमे सुखाने नांदत होती. अंदाजपत्रकात ती एकमेकांच्या मुळावर येत होती. जमीन महसुलाचा भार शेतकऱ्यावर आधीच होता. आणखी कर कोणावर बसवणार?

८/ वर्ध्यापासून पाचेक मैलांवर सेगाव हे खेडे आहे. पुढे ते सेवाग्राम झाले. महात्मा गांधी १९३६ पासून तेथे राहत होते. जुलै १९३७ च्या अखेरीस ‘हरिजन’मध्ये त्यांनी हाच पेच मांडला. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नाकडे पाहावे लागणे ही त्यांना नव्या सुधारणांची सर्वांत क्रूर थट्टा वाटत होती. त्यांचा तोडगा धाडसी होता : शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा.

९/ या विचाराची परीक्षा २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी झाली. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. मुंबई प्रांताचे पंतप्रधान व शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर आले होते, मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल होते. (प्रांताच्या मुख्यमंत्र्यास त्या काळी पंतप्रधान म्हणत.)

१०/ परिषद म्हणजे केवळ होकाराचा सोहळा नव्हता. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेवरच बोट ठेवले. सरकारी शाळेला इमारत आणि कच्चा माल सार्वजनिक पैशातून मिळणार. मग तेथे तयार झालेला माल बाजारात गेला, तर गावच्या गरीब कारागिराशी ती विषम स्पर्धा ठरणार नाही काय? विणकराच्या मुलाला शिकवण्यासाठी विणकराचेच पोट मारायचे, असा त्याचा अर्थ होता.

११/ अखेर परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण देशभर द्यावे. माध्यम मातृभाषा असावे. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे. आणि चौथा ठराव असा की, या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघू लागेल अशी परिषदेला अपेक्षा आहे. मूळ आग्रह स्वयंपूर्ण शाळेचा होता. ठरावात ‘हळूहळू’ आणि ‘अपेक्षा’ हे दोन शब्द आले. ज्यांना अंदाजपत्रक मांडायचे होते, त्यांना या दोन शब्दांचे मोल ठाऊक असणार.

१२/ अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला आणि टीकाकार के. टी. शहा हेही तिचे सभासद होते. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणिताला मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे.

१३/ हे वेळापत्रक पाहून आज जी शंका मनात येते, ती समितीलाही आली होती. उत्पन्नावर डोळा ठेवून शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम उपसतील आणि हस्तोद्योगाचे बौद्धिक व सामाजिक अंग मागे पडेल, हा धोका अहवालातच नोंदवला आहे. टकळीवर सूत काढताना कापसाचे पीक, सुताची मोजणी, व्यापाराचा इतिहास शिकवणारा शिक्षक नसेल, तर उरते ती निव्वळ बालमजुरी.

१४/ फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजना स्वीकारली. सेगावात हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी पुढे त्याच कामाला आयुष्य वाहिले. सरकारी बाजूने शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली : गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नातून गावची शाळा व शिक्षकाचे वेतन चालावे. शिक्षक घडवण्यासाठी एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यातच विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा उघडली.

१५/ दारूबंदीचा कायदाही मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ सालीच झाला. म्हणजे एका बाजूने महसूल सोडला जात होता आणि दुसऱ्या बाजूने सरकारी पैशाविना चालणारी शाळा शोधली जात होती. जमीनदानाची कल्पना या गणितातून आली. जेथे कर बसवणे कठीण, तेथे गावाच्या दातृत्वावर भिस्त होती.

१६/ पण ठेच लागली ती नावाला. ‘मंदिर’ या शब्दाला प्रांतातील मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात ही तक्रार नोंदवली गेली. वर्धा योजनेचा अभ्यासक्रम एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली बनला होता, तरी ती तक्रार शमली नाही. शाळा सर्वांची असेल तर तिच्या दारावरची पाटीही सर्वांना आपली वाटली पाहिजे, हे मंत्र्यांना फार महागात उमगले.

१७/ दरम्यान जुलै १९३८ मध्ये पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांना पद सोडावे लागले आणि शुक्ल त्यांच्या जागी आले. त्या प्रकरणाचा निकालही वर्ध्याच्याच बैठकीत लागला. शुक्ल यांना जेमतेम सव्वा वर्ष मिळाले. महायुद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्या योजनेचे फळ दिसायला सात वर्षांची एक पिढी हवी होती, तिच्या कर्त्यांना अडीच वर्षेही सत्ता लाभली नाही.

१८/ १९४४ च्या सार्जंट योजनेने हस्तोद्योगातून शिक्षण हे तत्त्व मान्य केले. पण शाळेने विक्रीतून स्वतःचा खर्च भागवावा ही अपेक्षा नाकारली. फार तर जादा सामग्रीची किंमत निघेल, असे तिचे मत होते. शहा यांची शंका अशा रीतीने सरकारी धोरणात उतरली आणि शाळेचा खर्च पुन्हा सार्वजनिक तिजोरीकडे आला.

१९/ वर्ध्याच्या पहिल्या ठरावाला देशव्यापी कायद्याचे बळ मिळायला ७२ वर्षे लागली. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ मध्ये केला. आज वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतांश भागांत मात्र दारूवरील कर हा राज्याच्या उत्पन्नाचा एक मोठा स्रोत आहे.

२०/ वर्धा योजनेकडे बहुधा ‘सूतकताईची शाळा’ म्हणून पाहिले जाते. तिच्या मुळाशी असलेला अंदाजपत्रकाचा प्रश्न नजरेआड होतो. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावा? दारू पिणाऱ्या बापाने, जमीन देणाऱ्या गावाने, सूत काढणाऱ्या मुलाने, की सर्वांनी मिळून? १९३७ च्या मंत्र्यांची उत्तरे अपुरी पडली. पण महसुलाच्या सोयीसाठी दारूची दुकाने निमूटपणे चालू ठेवणे त्यांनी नाकारले, हे त्यांच्या खाती जमा धरावेच लागेल.

(समाप्त)