रिश्टरचा आकडा आणि किल्लारीची माती

कुठेही जमीन हलली की टीव्हीवर पट्टी येते: 'रिश्टर स्केलवर अमुक तीव्रतेचा भूकंप'. मलाही बरीच वर्षं वाटायचं की हा आकडा सांगतो तेवढंच नुकसान होणार. मग या मोजपट्टीचा इतिहास वाचला आणि समज बदलला.

१९३५ साली चार्ल्स रिश्टर यांनी ही पट्टी मांडली ती फक्त दक्षिण कॅलिफोर्नियासाठी. तिथे छोटेमोठे भूकंप सतत होत, आणि त्यांची मोठेपणानुसार यादी करायची होती. हिशोब साधा होता. भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या वूड-अँडरसन यंत्राने कागदावर १ मिलिमीटरचा हेलकावा काढला, तर तो भूकंप ३ चा. हेलकावा दहापट झाला की आकडा एकाने वाढायचा. सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी ही दहापटीची युक्ती सुचवली होती. आकडा एकाने वाढला की ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट वाढते.

यंत्र जवळ किंवा लांब असेल तर दुरुस्तीचा तक्ता होता. पण तोही कॅलिफोर्नियाच्याच खडकांवर बेतलेला. आपल्या दख्खनच्या जुन्या, कठीण खडकात लाटा लवकर विरत नाहीत. तिथला तक्ता इथे जसाच्या तसा लावला, तर लांबच्या यंत्रावर भूकंप आहे त्याहून मोठा दिसेल. म्हणून प्रत्येक प्रदेशाला आपला तक्ता स्वतः बसवावा लागतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप कुठे ६.३, कुठे ६.५ लिहिलेला दिसतो. त्यात लपवाछपवी नसते, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात.

शिवाय ही पट्टी सातच्या आसपास अडकते. खरोखर मोठे भूकंप ती मोजूच शकत नाही. त्यासाठी १९७९ साली हँक्स आणि कानामोरी यांनी दुसरी पट्टी दिली. भूगर्भात किती लांबरुंद भेग सरकली, किती सरकली, खडक किती ताठ, यावर ती चालते. आज मोठ्या भूकंपांचे आकडे बहुधा तिचे असतात. नाव मात्र आपण रिश्टरचंच घेतो.

आता मुद्द्याचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी. आकडा सुमारे ६.२. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक झोपेत. हजारो माणसं गेली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, पहाटेच, रिश्टर यांच्याच कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला ६.७ चा भूकंप झाला. म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा, तोही महानगराच्या खाली. मृत्यू साठच्या आसपास.

फरक रिश्टरच्या पट्टीत नव्हता. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीचं जड माळवद. माणसं त्याखाली गाडली गेली.

त्यामुळे पुढच्या वेळी आकडा ऐकलात की 'किती रिश्टर?' एवढ्यावर थांबू नका. घरं कशाची होती, बांधताना नियम पाळले होते का, आणि ते कुणी तपासले, हेही विचारा. जमीन हलणं आपल्या हातात नाही. भिंत कशी बांधायची, ते आहे.